घर परत येतं, दुकान परत येतं का?

रमजान आला की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो, ‘मॅडम, यंदा मोहम्मद अली रोडला कधी न्यायचं?’ दरवर्षी आम्ही आठ-दहा जण रात्री नवाच्या सुमाराला मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरतो. कढईएवढा मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, सळईवरचे कबाब, आणि कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल अशी तांदळाची सांदणं. गर्दीत चप्पल हरवते, कुणाच्या तरी शर्टावर चटणी पडते, फोटो निघतात. अकरा वाजता सगळे खूश होऊन लोकल पकडतात.

यंदा मी त्यांना दुपारी चारला बोलावलं. ‘त्या वेळी काय खायला मिळणार?’ असा रास्त आक्षेप आला. काही नाही, म्हटलं. रोजा आहे. आधी बाजार बघू, मग इफ्तार करू.

झालं असं होतं की वर्षानुवर्षं या मंडळींनी ही वस्ती फक्त रात्रीच्या दिव्यांत पाहिली होती. त्यांना वाटे, हा खाण्याचा रस्ता आहे. वर्तमानपत्रांतही रमजानच्या दिवसांत इथल्या तळणीचेच फोटो येतात. त्यात खोटं काही नाही, नूर मोहम्मदीची नल्ली निहारी किंवा सुलेमान उस्मान यांचा मालपुवा यांना नाव ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. पण क्रॉफर्ड मार्केटकडून उत्तरेला चालत निघालात तर लक्षात येतं की ही बाजारपेठ पोटापेक्षा हातावर उभी आहे. नागदेवी स्ट्रीटवर यंत्रांचे सुटे भाग आणि हत्यारं. अब्दुल रहमान स्ट्रीटवर वह्या, पेनं, भेटवस्तू. पुढे बोहरी मोहल्ल्यात सोनेरी काठाच्या टोप्या आणि रिद्याचं कापड. नळबाजारात भांडी, भाजी, मटण. मटण स्ट्रीटवर, म्हणजे आपल्या चोरबाजारात, जुनी घड्याळं, ग्रामोफोन, दाराच्या पितळी कड्या. जे. जे. हॉस्पिटलजवळ प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये मकतबा जामिया. उर्दू लेखकांच्या कितीतरी पिढ्यांनी तिथे उभ्याउभ्या पुस्तकं वाचली, वाद घातले.

आणि यांच्यामधल्या एका बोळात, आठ बाय दहाच्या गाळ्यात, माझ्या मामूंचं जिल्दसाजीचं दुकान. जिल्दसाज म्हणजे पुस्तकबांधणी करणारा.

रमजानच्या आधीचा शाबान महिना हा मामूंचा सुगीचा हंगाम. मशिदींतून, मदरशांतून, घराघरांतून कुरआनच्या जुन्या प्रती आणि तीस सिपाऱ्यांचे संच त्यांच्याकडे येतात. कुणाच्या आजीच्या हाताने झिजलेली प्रत, कुणाचा पाठकणा सुटलेला, कुणाला नुसता नवा पुठ्ठा हवा. रोह्याकडून, म्हसळ्याकडून, दापोलीकडून एसटीने आलेली गाठोडी पोटमाळ्यावर रचलेली असतात. मामू पानं सुटी करतात, जुज लावतात, शिवतात, खळ लावून शिकंज्यात दाबून ठेवतात. कारागीर दोन, दोघे बिहारचे. रमजान लागायच्या आत सगळं परत गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाववाले फोनवर जे बोलतात ते रोजेदाराने ऐकण्यासारखं नसतं.

मी या दुकानात वाढले असं म्हटलं तरी चालेल. शाळेतून येऊन पुठ्ठ्याच्या कातरणांवर उर्दूचा सराव करायचा आणि मागच्या बाजूला मराठीचा. आज मी जे काही दोन भाषांत लिहिते, त्याचा कागद मामूंचा होता.

मामूंची इमारत सी-१ वर्गात गेली आहे. मुंबईतल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. राहण्यास अत्यंत धोकादायक, रिकामी करा. नोटीस भिंतीवर चिकटवून झाली, टेकू लावून झाले, बैठका झाल्या. वरच्या तीन मजल्यांवरची कुटुंबं आणि खालचे अकरा गाळे. नवी इमारत कोण बांधणार, कोणत्या कागदावर सही राहिली आहे, हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी मामी आणि तळमजल्यावर बसणारे मामू यांचं या प्रश्नावर गेलं वर्षभर पटत नाही.

मामी म्हणते, ‘तुझ्या मामूंना दुकान दिसतं. मला रात्री दोन वाजताचा संडास दिसतो.’ मजल्यावर सात बिऱ्हाडं, संडास दोन, जिन्याचा कठडा अर्धा गेलेला. तिचे गुडघे गेले आहेत. रमजानमध्ये सहरीला उठून पाणी भरायचं आणि दिवसभर रोजा धरून तीन जिने चढायचे. तिला लिफ्ट हवी आहे, घरात नळ हवा आहे, स्वतःच्या नावाची खोली हवी आहे. यातली एकही मागणी चैनीची नाही.

आणि भीती आहेच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत सकाळी कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. दोन्ही ठिकाणं मामूंच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की मामी उशाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन झोपते. म्हणून जुन्या गल्ल्यांच्या सौंदर्यावर गहिवरून बोलणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. त्यांनी एक जुलै महिना इथे राहून दाखवावा.

या इमारती अशा का झाल्या, याचं कारणही माहीत असलेलं बरं. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढले गेले. आजचा मोहम्मद अली रोडही त्याच काळातल्या सुधारणेचं अपत्य. म्हणजे हा भाग ‘सुधारण्याची’ ही पहिली खेप नव्हे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठली, १९४७च्या कायद्याने ती गोठलेलीच राहिली. मालकाला भाड्यातून रंगसफेदीचाही खर्च निघेना. भाडेकरू मग पागडी देऊन जागा घेऊ लागला, आणि दुकान दुसऱ्याला देताना रकमेचा एक हिस्सा मालकाला मिळू लागला. १९६९ साली दुरुस्तीसाठी उपकर आणि मंडळ आलं. टेकू आले, गिलावे आले, पण मूळ लाकूड म्हातारंच राहिलं. एकेक इमारत वेगळी पाडून बांधावी तर रस्ता तेवढाच अरुंद राहतो. म्हणून २००९च्या सुमाराला अनेक इमारती एकत्र करून समूह पुनर्विकास करण्याचा मार्ग खुला झाला: नियम ३३(९), शहर भागात किमान ४००० चौरस मीटर जागा.

या नियमाखालचा सर्वांत मोठा प्रयोग मामूंच्या बोळापासून जवळच, भेंडी बाजारात चालू आहे. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जमीन, सुमारे अडीचशे इमारती, ३२०० कुटुंबं आणि १२५० दुकानं. भाडेकरूंना मालकीची घरं, किमान ३५० चौरस फूट. दुकानदारांनाही मालकीची जागा. पहिले उंच मनोरे उभे राहिले, लोक परत राहायला आले. ज्या बाईने तीस वर्षं सामायिक संडास वापरला तिला नव्या घराची किल्ली मिळते, तेव्हा त्यावर टीका करायला जीभ उचलत नाही.

पण ‘३२०० कुटुंबं आणि १२५० दुकानं’ हे वाक्य आपण एका दमात म्हणतो, तिथेच माझं घोडं अडतं. कोणत्याही पुनर्विकासाच्या कागदावर घर आणि दुकान शेजारच्या दोन रकान्यांत असतात. दोघांनाही बाहेर काढायचं, दोघांनाही पर्यायी जागा किंवा भाडं द्यायचं, दोघांनाही परत आणायचं. घराच्या बाबतीत हे चालतं. माणूस माझगावला किंवा शिवडीला संक्रमण शिबिरात पाच-सात वर्षं कुरकुरत काढतो, मुलं शाळा बदलतात, मग सगळे परत येतात. घर तेच राहतं, कारण घरातली माणसं तीच असतात.

दुकानातली माणसं मात्र बाहेरची असतात. मामूंचं भांडवल त्या शिकंज्यात नाही. ‘मिनारा मशिदीकडून आत या, डाव्या हाताला’ या वाक्यात ते आहे. म्हसळ्याचा मौलवी हे वाक्य पाठ करून आला आहे. त्याच्या आधी त्याचे वालिद याच वाक्यावर यायचे. दुकान पाच वर्षं दुसरीकडे गेलं की हे वाक्य मरतं. गिऱ्हाईक वाईट नसतं, पण दुसऱ्यांदा शटर बंद दिसलं की तिसऱ्यांदा येत नाही.

शिवाय दुकान एकटं नसतं. मामूंना कागद एका गल्लीतून येतो, रेक्झिन दुसऱ्या, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटवणारा माणूस तिसऱ्या. तिन्ही हातगाडीच्या अंतरावर. कागदवाला तीन महिन्यांची उधारी देतो, कारण मामू रोज सकाळी साडेदहाला शटर उघडताना त्याला दिसतात. त्या उधारीवर शाबानचा सगळा माल उचलला जातो. मामू उद्या कुर्ल्याच्या गाळ्यात गेले तर त्यांना कागद मिळेलच, पण रोख. आणि रोख असती तर मामूंनी कर्ज काढून पोरीचं लग्न केलं नसतं.

दुकानाबाहेरच्या ओट्यावर एक चावीवाला बसतो. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. मामू त्याच्याकडून भाडं घेत नाहीत. तो मामूंच्या गैरहजेरीत दुकान सांभाळतो, हाच व्यवहार. इमारतीच्या पात्र-अपात्रतेच्या कागदात असा व्यवहार बसत नाही. पदपथावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा तरी आहे. नोंदणी, समिती, प्रमाणपत्र असं काही कागदावर आहे. ओट्यावरचा माणूस ना दुकानदार ना फेरीवाला. समोरच्या इमारतीत दोन बहिणी घरी समोसापट्टी लाटतात. रमजानच्या महिन्यात त्यांच्या दारात सकाळपासून डबे घेऊन मुलं उभी असतात. त्यांचं घर कागदावर ‘निवासी’ आहे. त्या संक्रमण शिबिरात गेल्या की घर मिळेल, धंदा जाईल, आणि नुकसान झालं अशी कुठेही नोंद होणार नाही.

माझ्याबरोबरच्या सहकाऱ्यांपैकी एक गिरगावचे. इथपर्यंत ऐकून ते म्हणाले, ‘हे तर आमच्याकडचंच बोलताय तुम्ही.’ मेट्रो-३च्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती गेल्या. रहिवाशांना परत त्याच भागात आणायचं ठरलं. पण त्यांच्या वडिलांचा चष्मेवाला आणि त्यांचा शिंपी त्या काळात नाहीसे झाले ते झालेच. एक वसईला दुकान टाकून बसला म्हणतात. दुसरा घरीच बसला.

तर मग करायचं काय? जुन्या इमारती तशाच ठेवा असं मी म्हणणार नाही. मामी मला घरात घेणार नाही. पण बाजार टिकवायचा असेल तर दुकानाचा विचार घराच्या मागून नव्हे, पुढून करावा लागेल. घराला दूरचं संक्रमण शिबिर चालतं, दुकानाला नाही. गाळेवाल्यांना त्याच रस्त्यावर, निदान हाकेच्या अंतरावर तात्पुरती जागा मिळाली पाहिजे. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पत्र्याचे गाळे का असेनात. काम अशा क्रमाने व्हावं की रस्त्याची एक बाजू चालू राहील. दोन्ही बाजू पत्र्यांनी झाकल्या की गिऱ्हाईक तो रस्ताच सोडून देतं, आणि पलीकडच्या चालू दुकानांचाही गळा आवळला जातो.

दुसरं, गाळा जमिनीलगतच हवा. मामूंना दाखवलेल्या नकाशात त्यांची जागा पहिल्या मजल्यावर आहे. क्षेत्रफळ जुन्यापेक्षा थोडं जास्तच. मामूंनी नकाशा नीट बघितला आणि विचारलं, ‘सिपाऱ्यांची गाठोडी घेऊन वर कोण चढणार?’ समोरच्या साहेबांनी सरकत्या जिन्याचं चित्र दाखवलं. गुळगुळीत काचेच्या पहिल्या मजल्यावर कपड्यांची मोठी दुकानं चालतील, कदाचित दवाखाने चालतील. जिल्दसाज, चावीवाला, कल्हईवाला चालणार नाही. यांची गिऱ्हाइकं ठरवून कमी आणि जाता जाता जास्त येतात. आठ बाय दहाचा गाळा गैरसोयीचा वाटतो, पण तो लहान आहे म्हणूनच लहान माणसाला परवडतो. देखभालीचा दरमहा खर्च मामूंच्या आजच्या भाड्याच्या कितीतरी पट असणार आहे, ही गोष्ट मालकीच्या आनंदात कुणी मोठ्याने बोलत नाही.

रस्ता सुंदर करण्याबद्दलही एक शंका आहे. दिल्लीत चांदनी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी हा पट्टा नव्याने बांधून २०२१ साली खुला केला, दिवसा मोटारींना बंदी घातली. चालणाऱ्याला आराम झाला, हे खरंच. पण घाऊक बाजाराला माल उतरवायला जागा आणि वेळ लागतो. आमच्याकडे तर १८६९ पासून उभ्या असलेल्या क्रॉफर्ड मार्केटपासून नळबाजारापर्यंत हमाल आणि हातगाडी हेच वाहन. माणसांना चालायला मोकळा रस्ता द्याच, पण हातगाडीला वेळ नेमून द्या; तिला नकाशातून पुसू नका. वरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल २००२ साली झाला तेव्हा वाहतूक सुटली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दक्षिणेकडे जाणाऱ्या मोटारीतून आता तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या दिसतात. दुकानं दिसत नाहीत.

रमजानमध्ये एक गोष्ट मी मुलींना, म्हणजे माझ्या विद्यार्थिनींना, मुद्दाम दाखवते. रात्री एक वाजता या रस्त्यांवर बायका लहान मुलांना घेऊन बांगड्या बघत असतात, बुरखा घातलेल्या आणि न घातलेल्याही, आणि कुणी कुणाला विचारत नाही की इतक्या रात्री बाहेर का. तरावीह सुटलेली असते, सहरीला अजून अवकाश असतो. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लिहिताना म्हटलं होतं की रस्त्यावर नजर ठेवण्याचं काम दुकानदार करतात. आमच्याकडे त्यासाठी पुस्तक लागत नाही. अत्तरवाला, टोपीवाला, खजूरवाला, सगळे दाराशी बसलेले असतात. कुणाच्या मुलाचा हात सुटला तर चार दुकानांपर्यंत आवाज जातो. त्याच रस्त्याच्या बाजूला जिथे पत्र्याचं कुंपण सुरू होतं, तिथून बायका पावलं उचलून चालतात. हा फरक पन्नास पावलांत कळतो.

त्या दिवशी मगरिबच्या आधी आम्ही सगळे मामूंच्या दुकानात दाटीवाटीने बसलो. रोजा असलेले तीन, नसलेले सात. समोसे समोरच्या बहिणींकडचे. मामी वरून शरबताचा जग घेऊन उतरली आणि आल्या आल्या गिरगावच्या सरांना लिफ्टबद्दल विचारू लागली. त्यांच्या नव्या इमारतीत आहे का? बंद पडते का? वीज गेली तर? मामू काही बोलले नाहीत. त्यांनी खजुराची बशी पुढे सरकवली.

लोक निघाल्यावर मामूंनी मला थांबवलं. पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा त्यांनी कापून ठेवला होता, कडा पट्टीने बांधलेल्या. दुकान हलवायची वेळ आली तर शटरवर लावायला पाटी हवी होती. ‘तू लिही बेटा. वर उर्दूत, खाली मराठीत. गावाकडची नवी पोरं उर्दू वाचत नाहीत आता.’ मी विचारलं, काय लिहू? त्यांनी आधीच ठरवलं होतं: दुकानाचं नाव, मोबाइल नंबर, आणि ‘जिल्दसाजीचं काम चालू आहे, पुढील पत्त्यावर यावे’.

‘पत्ता?’

‘तेवढी ओळ रिकामी ठेव. मी खडूने लिहीन.’

मी दोन्ही भाषांत लिहिलं आणि दोन्ही ठिकाणी एकेक ओळ कोरी सोडली. शाई वाळेपर्यंत मामूंनी पुठ्ठा शिकंज्याच्या वर उभा करून ठेवला आणि दापोलीच्या गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. त्यातले चार सिपारे अजून शिवायचे राहिले होते.